हासेल्टची भीती आणि अमेरिकी पुलांच्या भेगा

१४ मार्च १९३८. बेल्जियममधील हासेल्ट गाव, अल्बर्ट कालवा, सकाळची थंड वेळ. जेमतेम चौदा महिन्यांपूर्वी वाहतुकीस खुला झालेल्या पोलादी पुलातून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. पुलाच्या खालच्या तुळईत भेग उघडली होती. पुलावरची माणसे निसटली आणि साधारण सहा मिनिटांनी सुमारे ७५ मीटर लांबीचा तो पूल तुकडे होऊन कालव्यात कोसळला.

आजच्या धाग्याची सुरुवात या पुलापासून होते, पण विषय आहे त्या पुलाने मागे ठेवलेली भीती. ही भीती अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली, तिथे पूलबांधणीचा एक दंडक होऊन बसली, आणि तीन-चार दशकांनंतर त्याच दंडकामुळे महामार्गांवरील असंख्य पुलांच्या तुळयांना भेगा पडल्या. त्या भेगा कशा सापडल्या आणि कशा बुजवल्या, हा पोलादाच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. धागा लांब आहे. चहा घेऊन बसावे.

आधी हासेल्टचा उलगडा. १९३०च्या दशकापर्यंत पोलादी पूल रिव्हेटने जोडले जात. लालबुंद तापवलेली खिळ भोकात घालायची, दुसऱ्या बाजूने ठोकून तिचे डोके बसवायचे, अशी लाखो खिळींची ती विणकर होती. वेल्डिंग आले तेव्हा अभियंत्यांना हर्ष झाला. खिळी नकोत, भोके नकोत, वजन कमी, खर्च कमी. अल्बर्ट कालव्यावर बेल्जियमने व्हिरेंडील पद्धतीचे सुमारे पन्नास पूल बांधले, त्यांतले बरेच वेल्डिंगचे. जर्मनीतही हाच उत्साह होता.

मात्र वेल्डिंगचा एक गुण आहे, जो तोवर कोणाच्या पुरता ध्यानात आला नव्हता. रिव्हेट केलेल्या तुळईत अनेक स्वतंत्र पट्ट्या असतात. एका पट्टीला तडा गेला तर तो त्या पट्टीच्या कडेशी येऊन थांबतो, शेजारची पट्टी भार पेलते. वेल्डिंगने सगळ्या पट्ट्या मिळून एकच अखंड लोखंड होते. आता भेगेला वाटेत सीमा उरत नाही.

त्यात त्या काळचे बरेचसे पोलाद कडाक्याच्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होई. शिवाय वितळलेला जोड थंड होताना आकसतो आणि आजूबाजूच्या धातूत कायमची ओढ ठेवून जातो. ठिसूळ पोलाद, ही आतली ओढ आणि जोडकामातील एखादी बारीकशी चीर, या तिन्ही गोष्टी एका थंड सकाळी एकत्र आल्या की भार नसतानाही पूल फाटू शकतो. जानेवारी १९३८मध्ये बर्लिनजवळ रूडर्सडॉर्फ येथील महामार्गाच्या पुलाच्या वेल्डिंग केलेल्या तुळयांना अशाच भेगा पडल्या होत्या. मार्चमध्ये हासेल्ट. जानेवारी १९४०मध्ये अल्बर्ट कालव्यावरच्या आणखी दोन पुलांना तडे गेले. ३१ जानेवारी १९५१ रोजी कॅनडातील त्र्वा-रिव्हिएर येथील द्युप्लेसी पूल उणे ३० अंशांखालच्या थंडीत कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले.

अशा वेळी माणूस जे करतो तेच अभियंत्यांनी केले. भाजलेले तोंड ताकही फुंकून पिते. त्यांनी नियम केला: तुळईच्या ज्या पट्टीत ताण असतो, तिच्यावर आडवे वेल्डिंग करू नये.

हा नियम नीट समजण्यासाठी तुळईचे अंग पाहू. महामार्गाच्या पुलाची पोलादी तुळई म्हणजे इंग्रजी 'आय' या अक्षराचा आकार. वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी, मध्ये उभा पातळ पत्रा. वाहनाच्या भाराने तुळई वाकते तेव्हा दोन खांबांच्या मध्यावर खालची पट्टी ताणली जाते आणि वरची दाबली जाते. एकच अखंड तुळई अनेक खांबांवरून जात असेल तर खांबाच्या डोक्यावर उलट होते, तिथे वरची पट्टी ताणली जाते. उभ्या पत्र्याला जागोजागी उभ्या आधारपट्ट्या लावलेल्या असतात. शेजारच्या तुळईला बांधून ठेवणाऱ्या आडव्या-तिरप्या दांड्या याच आधारपट्ट्यांना जोडतात.

नियमाप्रमाणे आधारपट्टी उभ्या पत्र्याला वेल्ड करायची, पण ताणाच्या पट्टीला करायची नाही. ती तिथे नुसती टेकवायची किंवा थोडी आखूड कापायची. आधारपट्टीचा जोड जिथे संपतो आणि आडवी पट्टी जिथे सुरू होते, त्या दोहोंमध्ये उभ्या पत्र्याची एक चिंचोळी उघडी जागा राहते. कुठे बोटभर, कुठे दोन बोटे. कागदावर ही जागा निरुपद्रवी दिसते. पुढची सगळी कथा या दोन बोटांच्या जागेत घडते.

जून १९५६मध्ये अमेरिकेत आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने महामार्गांचा प्रसिद्ध कायदा झाला. ४१,००० मैल लांबीचे आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायचे ठरले. पुढील दीड-दोन दशकांत हजारो पूल झपाट्याने बांधले गेले. रिव्हेट मागे पडले होते, वेल्डिंग सर्वत्र होते. पोलाद पूर्वीपेक्षा चांगले झाले होते, जोडकाम सुधारले होते. हासेल्टचा नियम मात्र तसाच पुढे चालत आला. तो का झाला होता, हे विचारणारे फारसे कोणी उरले नव्हते.

आता थोडे मागे जाऊ, कारण या पुलांना जो रोग जडणार होता तो हासेल्टच्या रोगाहून निराळा होता. हासेल्टला पोलाद एका क्षणात, ठिसूळपणे फाटले. महामार्गांच्या पुलांना जडला तो थकवा. बाइंडिंगची तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. अभियंते याला फटीग म्हणतात, मराठीत शिणवटा असाही शब्द आहे.

हा शिणवटा रेल्वेने जगाला शिकवला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांचे दरवाजे बाहेरून कुलूपबंद होते. पन्नासाहून अधिक माणसे गेली, त्यांत अंटार्क्टिकाच्या शोधमोहिमेचा कप्तान द्यूमाँ द्युर्व्हिल आपल्या कुटुंबासह होता. त्या काळी समजूत अशी की हादऱ्यांनी लोखंडाचे आतून स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनते. स्कॉटिश अभियंता रँकिन याने १८४३मध्ये दाखवले की मोडलेल्या आसांत भेग हळूहळू, बाहेरून आत सरकत गेलेली असते आणि तिचा उगम आसाच्या जाडीत जिथे एकाएकी बदल होतो त्या कोपऱ्यात असतो.

त्यानंतर प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर याने १८५०च्या दशकाच्या अखेरीपासून १८७०पर्यंत आसांचे नमुने यंत्रावर लाखो वेळा वाकवून पाहिले. त्याचे दोन निष्कर्ष लक्षात ठेवावेत, पुढे उपयोगी पडतील. एक, धातू एका दमात तोडण्यास जेवढा ताण लागतो त्याहून कितीतरी कमी ताण पुन्हा पुन्हा दिला तरी तो तुटतो. दोन, सर्वाधिक ताण किती यापेक्षा ताण किती वर-खाली होतो, हा चढउतार महत्त्वाचा.

पुलाच्या बाबतीत प्रत्येक ट्रक म्हणजे असा एक चढउतार. एखाद्या पुलावरून दिवसाला ५,००० ट्रक जातात असे धरले तर बारा वर्षांत दोन कोटींहून अधिक वेळा तुळई वाकते आणि सरळ होते. 

तरीही पूल पाहायला कोणी जात नसे. उद्घाटन झाले, फीत कापली, काम संपले. हे बदलले १५ डिसेंबर १९६७च्या संध्याकाळी. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज वाहनांनी भरलेला असताना मिनिटभरात नदीत गेला आणि ४६ माणसे मेली. तो तुळयांचा पूल नव्हता, साखळीसारख्या पोलादी कड्यांवर लटकवलेला १९२८चा झुलता पूल होता. एका कड्याच्या छिद्राशी असलेली, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग त्याला पुरली. या धक्क्यानंतर १९७१मध्ये अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय मानदंड आले. माणसे दिवे आणि शिड्या घेऊन पुलांच्या पोटाखाली जाऊ लागली. पाहू लागताच भेगा दिसू लागल्या.

कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट शहरात यलो मिल पाँड नावाच्या खाडीवरून आय-९५ महामार्ग जातो. पूल १९५८च्या आरंभी खुला झालेला. १९७०मध्ये रंगकामासाठी सफाई करताना एका तुळईला भेग आढळली. खालची पट्टी आरपार तुटली होती आणि भेग उभ्या पत्र्यात सुमारे ४० सेंटिमीटर वर चढली होती. ही तुळई मधल्या भागात अधिक बळकट व्हावी म्हणून तिच्या पट्टीवर आणखी एक पोलादी पट्टी वेल्ड केली होती. ती जास्तीची पट्टी जिथे संपते नेमक्या त्या टोकाशी भेगेचा जन्म झाला होता. रँकिनने सव्वाशे वर्षांपूर्वी आसात दाखवलेलाच तो कोपरा, इथे नव्या वेषात आला.

मे १९७५मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल शहरात मिसिसिपीवरच्या लाफायेट स्ट्रीट पुलाचा एक गाळा सुमारे १६ सेंटिमीटर खचलेला दिसला. पूल अवघ्या सात वर्षांचा. दोन मुख्य तुळयांपैकी एकीची खालची पट्टी पूर्ण तुटली होती आणि उभा पत्राही जवळपास वरपर्यंत फाटला होता. राहिलेल्या तुळईने आणि वरच्या काँक्रीटच्या तक्त्याने भार पेलला म्हणून केवळ पूल उभा राहिला. जानेवारी १९७७मध्ये पिट्सबर्गजवळ नेव्हिल बेटापाशी ओहायोवरच्या आय-७९ महामार्गाच्या पुलाची तुळई खालपासून वरपर्यंत फाटलेली पाहिली ती कोणा अभियंत्याने नव्हे, खालून बोट नेणाऱ्या एका कप्तानाने. तो पूल खुला होऊन वर्षही झाले नव्हते. तिथे भेग निघाली ती तुळई बनवताना कारखान्यात एका सदोष जोडाची जी दुरुस्ती केली होती तिच्यातून. दुरुस्तीच रोगाचे मूळ ठरावी, हा योग या इतिहासात वारंवार येतो.

या सगळ्या भेगांजवळ एक माणूस भिंग घेऊन पोहोचत होता. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाचे जॉन फिशर. तरुणपणी ते इलिनॉयमधील ओटावा येथील महामार्ग-चाचणीत काम करून आले होते. १९५८ ते १९६० या काळात तिथे खास बांधलेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर ट्रक सतत फिरवत ठेवले होते, आणि जास्तीच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या तुळयांना त्या पट्ट्यांच्या टोकांशी भेगा पडताना फिशर यांनी पाहिल्या होत्या. म्हणजे ब्रिजपोर्टची पूर्वसूचना दहा वर्षे आधी मिळालेली होती.

लीहायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ३७४ तुळया यंत्रावर चढवल्या आणि भेगा पडेपर्यंत लाखो वेळा वाकवल्या. १९७०मध्ये अहवाल आला. तोपर्यंत अभियंते समजत होते की अधिक बळकट पोलाद वापरले की पूल अधिक टिकेल. अहवालाने सांगितले की पोलादाच्या बळकटपणाने थकव्याला फरक पडत नाही. आयुष्य ठरते दोन गोष्टींवर: ताणाचा चढउतार किती, आणि जोड कसा केला आहे. चढउतार दुप्पट झाला तर आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येते. व्होलरने शंभर वर्षांपूर्वी जे गुळगुळीत आसांवर पाहिले त्याचा अर्थ वेल्ड केलेल्या तुळईवर आता कळला. १९७४पासून अमेरिकी संहितेत जोडांची प्रतवारी आली. 'अ' प्रतीचा निखळ पोलादी पत्रा, आणि अगदी तळाला 'ई' प्रत. ब्रिजपोर्टच्या पट्टीचे टोक याच तळाच्या प्रतीत बसते.

आता त्या दोन बोटांच्या जागेकडे परतू. १९७०च्या दशकात तपासनिसांना एक निराळ्या जातीची भेग मोठ्या संख्येने दिसू लागली. ती पट्टीच्या टोकाशी नव्हती. ती आधारपट्टी आणि आडवी पट्टी यांमधल्या उघड्या पत्र्यात, जोडाच्या कडेने सरकत होती. हिशेबाच्या वहीत तिथे ताण जवळजवळ नव्हताच. मग भेग कशाने पडली?

एका मार्गिकेवरून ट्रक गेला की त्याखालची तुळई शेजारच्या तुळईपेक्षा अधिक खाली वाकते. दोघींना बांधणाऱ्या दांड्या मग तिरप्या होतात आणि आधारपट्टीला बाजूला ओढतात किंवा ढकलतात. आधारपट्टी पत्र्यासह हलते. वरची आडवी पट्टी काँक्रीटच्या तक्त्यात घट्ट बसलेली, ती हलत नाही. या दोहोंमध्ये सापडलेली पत्र्याची चिंचोळी जागा मग मुरडते. हालचाल मिलिमीटरच्या अंशाची असते, पण जागाही तेवढीच अरुंद.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. तार दोन पकडींत हातभर अंतर ठेवून धरा आणि एक पकड किंचित हलवा. तारेला काही होत नाही. आता दोन्ही पकडी बोटभर अंतरावर आणून तेवढीच हलवा. तार लगेच दुमडते, आणि थोड्या वेळात तुटते.

म्हणजे हासेल्टच्या भीतीने ज्या जागी वेल्डिंग टाळले, त्याच जागी भेग पडली. पोलादी पुलांवर थकव्याच्या जेवढ्या भेगा आढळतात त्यांतील बहुतांश या जातीच्या आहेत असे फिशर आणि त्यांचे शिष्य सांगत आले. आणि हासेल्ट ज्या कारणांनी पडला, म्हणजे ठिसूळ पोलाद आणि सदोष जोडकाम, ती कारणे नव्या पुलांतून बरीचशी नाहीशी झालेली होती. फिशर यांच्या गटाने आधारपट्टी ताणाच्या पट्टीला वेल्ड करून तुळया वाकवून पाहिल्या. पट्टीला वेल्ड केल्याने तुळईचे आयुष्य घटले नाही. पत्र्याला केलेल्या जोडाचे जे आयुष्य, तेच याचेही. इतकी वर्षे पाळलेल्या नियमाला आधार राहिला नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यास संहिता उलटली: दांड्या जोडायच्या त्या आधारपट्ट्या दोन्ही आडव्या पट्ट्यांना घट्ट जोडल्याच पाहिजेत.

इथे मला त्या पहिल्या नियमकर्त्यांची बाजूही घ्यावीशी वाटते. पूल कोसळताना पाहिलेल्या माणसांना मोजमाप करण्यास सवड नव्हती आणि साधनेही नव्हती. त्यांचा नियम त्यांच्या पोलादासाठी शहाणपणाचाच होता. चूक झाली ती नंतरच्यांची. त्यांनी नियमाची नक्कल केली, त्याचे कारण मात्र बरोबर घेतले नाही.

नव्या पुलांचा प्रश्न सुटला. जुने पूल होते तसेच उभे होते, आणि त्यांवरून रोज ट्रक जात होते. १९७९मध्ये फिशर आणि सहकाऱ्यांचा वेल्डिंगच्या पुलांवरील भेगांचा शोध आणि दुरुस्ती यांवरचा अहवाल निघाला. दुरुस्ती हे शास्त्र झाले ते इथून, असे म्हणता येईल. त्याआधी भेग दिसली की कारागिराचा पहिला हात वेल्डिंगकडे जाई. भेग खरवडायची, वितळलेल्या धातूने भरायची, वर रंग मारायचा. पुलाखाली शिडीवर उभे राहून, डोक्यावरून ट्रक जात असताना केलेला तो जोड कारखान्यातल्या जोडाहून कितीतरी कमअस्सल असतो. भेग काही वर्षांत परत येई, बहुधा त्याच जागी.

सर्वांत साधा उपाय ऐकून नवल वाटते. भेगेच्या टोकाशी भोक पाडायचे. आधीच तुटलेल्या पोलादात आणखी भोक?

कारण भेगेचे सारे बळ तिच्या टोकाच्या तीक्ष्णपणात असते. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३मध्ये याचे गणित मांडले. पत्र्यात १० सेंटिमीटर लांबीची भेग आहे आणि तिच्या टोकाची गोलाई एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी आहे असे धरा. इंग्लिसच्या सूत्राने टोकाशी ताण आजूबाजूच्या पंचेचाळीस पट भरतो. त्याच टोकांशी अडीच सेंटिमीटर व्यासाची गोल भोके पाडली तर तो पाच-साडेपाच पटींवर उतरतो. लोखंड कमी झाले आणि बळ वाढले.

पण भोक पाडण्यातही कसब आहे. टोक नेमके कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रंग खरवडून त्या जागी पातळ लाल रंगद्रव टाकतात, पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. भेगेत शिरलेला लाल रंग भुकटीतून रेघ होऊन उमटतो. किंवा पत्र्याला चुंबकत्व देऊन लोखंडाची बारीक पूड टाकतात, ती भेगेवर गोळा होते. मग भोक असे पाडायचे की टोक भोकाच्या आत पूर्ण गिळले जाईल. भोकाची कड गुळगुळीत घासायची, कारण ड्रिलने सोडलेला ओरखडा म्हणजे नव्या भेगेचे बीज. भोक फार लहान पाडले तर भेग त्याच्या पलीकडून पुन्हा निघते. कापून काढलेली चकती काही ठिकाणी जपून ठेवतात आणि टोक तिच्यात आहे की नाही हे तपासतात. नसेल तर टोक अजून पुलातच आहे!

ब्रिजपोर्टच्या तुटलेल्या तुळईला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून बोल्टने आवळले. इतर तुळयांच्या पट्ट्यांची टोके वरवर धड दिसत होती, पण त्यांत केसाएवढ्या भेगा होत्या. १९७६मध्ये लीहायच्या लोकांनी तिथे दोन उपाय केले. काही जोडांच्या कडा विजेच्या ठिणगीने, नवा धातू न घालता, पुन्हा वितळवल्या. भेग वितळलेल्या धातूत विरून गेली. काही कडा हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने ठोकल्या.

हा दुसरा उपाय मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. मठारल्याने पत्र्याचा वरचा थर दाबला जातो आणि टणक होतो. पुलाच्या जोडावर हेच घडते. ठोकल्याने पृष्ठभागात दाब साठून राहतो. ट्रक ताणू पाहतो तेव्हा आधी हा साठलेला दाब संपवावा लागतो, मग भेग उघडणार. अट एकच. भेग सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली नसावी. त्याखाली हातोड्याचा हुकूम चालत नाही. वितळवण्याचा उपाय त्याहून थोडा खोल, पाच मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो.

दोन बोटांच्या जागेतल्या भेगांना मात्र नुसते भोक पुरेना. भोकाने टोक बोथट झाले तरी मुरड चालूच राहते, आणि भेग भोकाच्या पलीकडून पुन्हा डोके काढते. रोगाचे कारणच काढायला हवे होते. त्यासाठी तीन वाटा निघाल्या, आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

पहिली वाट घट्ट करण्याची. आधारपट्टी आणि आडवी पट्टी यांना जाड कोनपट्ट्यांनी, बोल्ट लावून, एकमेकींशी बांधून टाकायचे. हासेल्टच्या नियमाने जे करू नका म्हटले होते ते वीस-तीस वर्षांनी, वेल्डिंगऐवजी बोल्टने, करायचे. उपाय खात्रीचा, पण त्यासाठी पट्टीच्या वरचे काँक्रीट फोडावे लागू शकते, म्हणजे वाहतूक बंद आणि खर्च भरमसाट.

दुसरी वाट सैल करण्याची. आधारपट्टीचे टोक आणखी कापून दोन बोटांची जागा वीतभर करायची. पकडी दूर नेल्या की तार दुमडत नाही.

तिसरी वाट आयोवा राज्याने आजमावली. तिथल्या अभियंत्यांनी विचार केला की मुरड येते ती दांड्यांमुळे, तर त्या दांड्यांचे बोल्टच ढिले करू! १९९०च्या दशकात आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी पुलांवर मोजमापे लावून बोल्ट सैल करण्याआधीचे आणि नंतरचे ताण तपासले. त्या जागेतला ताण खरोखरच ठळकपणे उतरला. पूल दुरुस्त करायला पाना घेऊन गेलेला माणूस बोल्ट आवळण्याऐवजी सैल करून परत येतो, हे दृश्य मला या साऱ्या इतिहासात सर्वाधिक आवडते.

या भेगांचा एक उपकार असा की बहुधा त्या आरंभी तुळईच्या लांबीच्या दिशेने, मुख्य ताणाला समांतर सरकतात. त्यामुळे दुरुस्तीला वेळ मिळतो. दुर्लक्ष झाले तर त्या वळतात आणि ताणाला आडव्या होतात. मग वेळ मिळत नाही.

आणि दुर्लक्ष आजही होते. मे २०२१मध्ये मेम्फिस शहराजवळ मिसिसिपीवरचा आय-४० महामार्गाचा पूल एकाएकी बंद करावा लागला. कमानीची टोके एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या पेटीसारख्या तुळईचा बराचसा छेद तुटला होता. पूल १९७३चा. भेगेचा उगम पूल बनतानाच्या जोडकामात राहिलेल्या सूक्ष्म चिरेत होता. नंतर जुनी छायाचित्रे चाळली तेव्हा नदीतून नाव वल्हवत जाणाऱ्या एकाने काही वर्षांपूर्वी टिपलेल्या चित्रात तीच भेग स्पष्ट दिसली. मधल्या अधिकृत तपासण्यांत ती निसटली होती. तुटलेल्या भागावर जाड पोलादी पट्ट्या बोल्टने बसवून ऑगस्टच्या आरंभी पूल पुन्हा पूर्ण खुला झाला.

इतिहासाच्या पुस्तकांत पूल येतात ते उद्घाटनाच्या दिवशी किंवा कोसळण्याच्या दिवशी. मधली चाळीस-पन्नास वर्षे लिहिली जातात ती पुलाच्या अंगावरच. कोणा जुन्या पोलादी पुलाखाली तपासनीस शिडीवर चढतो, दिव्याच्या तिरप्या उजेडात जोडाची कड न्याहाळतो. भेग दिसली की तिच्या टोकाशी खडूने किंवा रंगाच्या लेखणीने एक आडवी रेघ ओढतो आणि शेजारी तारीख लिहितो. काही तुळयांवर अशा तीन-चार रेघा असतात, प्रत्येकीजवळ वेगळ्या हाताने लिहिलेली तारीख, आणि शेवटच्या रेघेपाशी एक गोल, घासून गुळगुळीत केलेले भोक.